पावसात आरसीसीबी पडते, मागच्या खोलीत टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो: मल्टिमीटर घेऊन फॉल्ट कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीकडचं बैठं घर, वीस वर्षांपूर्वीचं कन्सील्ड वायरिंग. मागच्या खोलीतला पंखा आणि ट्यूब आधी अधूनमधून बंद पडायचे, आता कायमचेच बंद आहेत. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. शिवाय पाऊस लागला की आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की सप्लाय तोडणारा स्विच, पडते, कधी दिवसातून तीन-चार वेळा. वायरमन म्हणतो, सगळं वायरिंग बदला. घरात मल्टिमीटर आहे, त्यानं फॉल्ट स्वतः शोधता येईल का?

येईल, बऱ्यापैकी जवळ पोचता येईल. आणि तिथवर पोचेपर्यंत वायरिंग बदलायचा निर्णय थांबवा. पाइपातून गेलेली तांब्याची पीव्हीसी वायर वीस वर्षांत मधल्यामध्ये सहसा खराब होत नाही. वायरिंग खराब होतं ते टोकांना: पिळून टेप गुंडाळलेले जॉइंट, बोर्डातले सैल स्क्रू, जळलेली बटणं, ओल धरणारे बॉक्स, बाहेरच्या दिव्यांचे होल्डर. याशिवाय जिथे पडद्याच्या रॉडसाठी किंवा फोटोसाठी कुणीतरी खिळा ठोकला, ती जागा. फॉल्ट बहुतेक वेळा एक-दोन ठिकाणीच असतो. तो सापडला नाही म्हणून अख्खं घर फोडायचं, हे मला पटत नाही.

आधी जिवाचं. मेन स्विच बंद केला म्हणजे घर मेलं असं समजू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन पडल्या पडल्या तो पंखे-दिव्यांच्या सर्किटला २३० व्होल्ट द्यायला लागतो, म्हणून इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुटची पिनही काढा. छतावर सोलर असेल तर त्याचाही स्विच बंद करा. मेन स्विचच्या वरच्या टर्मिनलवर सप्लाय कायम जिवंत असतो, त्यामुळे डीबीचं, म्हणजे जिथून घरातली सगळी सर्किटं निघतात त्या मुख्य डब्याचं, झाकण उघडून आत हात घालायचं काम वायरमनचंच. तुम्ही सॉकेटवर मोजमाप करा, आणि सप्लाय पूर्ण बंद करून बोर्ड उघडा. ओल्या भिंतीला टेकून, अनवाणी पायांनी काही करू नका.

मीटरवर ‘कॅट थ्री, ६०० व्होल्ट’ असा शिक्का हवा. दोन-तीनशे रुपयांचे पिवळे मीटर मिळतात, ते बॅटरी आणि रेडिओच्या कामाला ठीक आहेत. डीबीजवळ मी ते वापरू देत नाही, कारण त्यांच्या दहा अँपियरच्या भोकामागे बऱ्याचदा फ्यूजच नसतो. लाल प्रोब चुकून त्या भोकात राहिला आणि तसाच सॉकेटमध्ये घातला, तर मीटर तिथे जाड तारेचा तुकडा होतो आणि फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) थेट शॉर्ट होतात. म्हणून प्रत्येक वेळी आधी तीन गोष्टी बघायच्या: लाल प्रोब कुठल्या भोकात आहे, नॉब एसी व्होल्टवर आहे का, लीडची वायर कुठे चिरली नाही ना. एखादी वायर बंद आहे याची खात्री करायची असेल तर आधी चालू सॉकेटवर २३० दिसतात का पाहा, मग संशयित वायर मोजा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळेत मीटरची बॅटरी किंवा लीड गेली असेल तर तिसऱ्या मोजणीत कळतं.

आता मीटर कुठे फसवतो ते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डिजिटल मीटरला व्होल्टेज मोजायला जवळजवळ करंट लागतच नाही. त्यामुळे दोन्हीकडून तुटलेली, नुसती पाइपात पडलेली वायरसुद्धा शेजारच्या चालू वायरमुळे ३०, ५०, कधी ८० व्होल्ट दाखवते. हा आकडा सारखा हलतो आणि त्याच्या मागे ताकद नसते. तिथे बल्ब लावला तर पेटत नाही, आणि आकडा शून्यावर येतो. उलट बाजूनंही हेच. जॉइंट जळून फक्त एका तारेच्या केसाएवढ्या धाग्यावर उरला असेल तरी मीटर २३० दाखवतो, कारण मीटरला लागणारा करंट तो धागा आरामात देतो. पंखा लावला की मात्र काही नाही. कंटिन्युइटीच्या, म्हणजे वायर सलग असली की वाजणाऱ्या, बझरचंही तसंच. तो २०-३० ओहमपर्यंत, काही मीटरमध्ये त्याहून जास्तपर्यंत वाजतो. घरच्या वायरिंगमध्ये पाच ओहमचा जॉइंट म्हणजे आगीला आमंत्रण, पण बझरच्या लेखी तो उत्तम. म्हणून बझर फक्त ‘ही वायर तीच का’ एवढं ओळखायला वापरा. जॉइंट चांगला की वाईट हे ओहमच्या आकड्यावरून, आणि त्याहून खात्रीनं लोड, म्हणजे एखादं उपकरण, लावून ठरवायचं.

मागच्या खोलीकडे येऊ. टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलाय. फेज बटणातून पंख्याच्या वाइंडिंगमध्ये जातो आणि वाइंडिंगमधून पलीकडे न्यूट्रलच्या वायरवर येतो. पुढे वाट बंद, म्हणून करंट वाहत नाही. करंट नाही म्हणून वाइंडिंगमध्ये व्होल्टेज पडत नाही, आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या काळ्या वायरवर येऊन बसतात. काळी वायर म्हणजे न्यूट्रल, तिला काही होत नाही, या समजुतीनं लोक इथेच शॉक खातात.

मीटरनं ते पक्कं करा. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असायला हवा. खोलीतली बटणं चालू ठेवून तीन मोजण्या घ्या. फेज-न्यूट्रल शून्याच्या आसपास, फेज-अर्थिंग २३०, न्यूट्रल-अर्थिंगही २३०च्या जवळ, असं आलं की न्यूट्रल तुटलाय. आता खोलीतली सगळी बटणं बंद करा, पिना काढा, आणि न्यूट्रल-अर्थिंग पुन्हा मोजा. आकडा ढासळून ३०-४० वर हलत राहिला तर निदान पक्कं. सगळं बंद करूनही तो घट्ट २३० राहिला, तर एखादा लोड काढायचा राहिलाय किंवा पुढे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटलेत. तसं असेल तर त्या सर्किटची एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा डीबीतला स्विच) बंद ठेवून वायरमनला बोलवा.

तुमच्याकडचं अर्थिंगच खात्रीचं नसेल तर चांगल्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणा आणि त्याच्या न्यूट्रलच्या भोकाला काळा प्रोब ठेवून मोजा. माहितीतला, खात्रीचा न्यूट्रल हाताशी असला की अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

पुढचं काम चालत जाण्याचं. आपल्याकडे न्यूट्रल एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप करत नेतात. मागच्या खोलीतून डीबीच्या दिशेनं एकेका बोर्डावर फेज-न्यूट्रल मोजत या. जिथे पहिल्यांदा २३० मिळाले तो बोर्ड आणि त्याच्या पुढचा मेलेला बोर्ड, या दोघांमध्ये फॉल्ट आहे. बहुतेकदा तो मधल्या वायरमध्ये नसतो. चांगल्या बोर्डातून जिथे न्यूट्रल पुढे निघतो तो स्क्रू, मेलेल्या बोर्डात जिथे तो येतो तो स्क्रू, किंवा दोघांच्या वर छताजवळचा जंक्शन बॉक्स, या तीन ठिकाणांपैकी एक असतं. सप्लाय बंद करून बोर्ड उघडला की काळवंडलेलं, कडक झालेलं इन्सुलेशन दिसतं, जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. वायर हलकेच ओढून बघा, हातात येते.

काहीच दिसलं नाही तर ओहमवर मोजा. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, खोलीतल्या पिना काढलेल्या. चांगल्या बोर्डाच्या न्यूट्रलला एक लांब सुटी वायर जोडा आणि ती मेलेल्या बोर्डापर्यंत न्या. आधी मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवून आकडा बघा. लीडचाच ०.३-०.५ ओहम येतो, तो वजा करायचा, आणि सुट्या वायरचाही. दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर शंभर मीटरला सुमारे १.२ ओहम असते, म्हणजे पंधरा मीटरला ०.२ च्या आसपास. वजाबाकी करून दोन-तीन ओहम उरत असतील, किंवा वायर हलवली की आकडा उड्या मारत असेल, तर जॉइंट तिथेच कुठेतरी आहे.

पंखा ‘अधूनमधून’ बंद पडायचा असं तुम्ही लिहिलंय. न्यूट्रल पूर्ण तुटण्याआधी तो जॉइंट बरेच दिवस तापत असणार. असे अर्धे मेलेले जॉइंट घरात आणखी कुठे आहेत का, हे आत्ताच शोधून घ्या. माझ्या मते मल्टिमीटरचा घरातला सगळ्यात मोलाचा उपयोग हाच, आणि लोक तो करत नाहीत.

त्यासाठी एक हजार वॅटची इस्त्री घ्या. मल्टिप्लगमध्ये इस्त्री लावा आणि शेजारच्या भोकांत मीटरचे प्रोब. इस्त्री बंद असताना आकडा बघा, मग चालू करून तिचा दिवा लागलेला असताना बघा. २३१ वरून २२८ झाले तर सर्किट निरोगी आहे. वायर लांब असेल तर तीन-चार व्होल्ट पडणारच. २३१ वरून २१२ झाले तर हात लगेच इस्त्रीच्या बटणाकडे जाऊ द्या. वाटेत १९ व्होल्ट कुठेतरी खर्च होतायत. इस्त्रीतून त्या वेळी चार अँपियर वाहतोय, म्हणजे वाटेतला जॉइंट साडेचार-पाच ओहमचा आणि त्यात ७५ वॅट उष्णता. पंचवीस वॅटच्या तीन सोल्डरिंग आयर्न भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डबीत चालू ठेवाव्यात, तसं ते आहे. एमसीबी यावर काहीच करत नाही, कारण तिच्या दृष्टीनं चार अँपियर म्हणजे साधा लोड. आरसीसीबीही करत नाही, कारण करंट बाहेर कुठे गळत नाही, जेवढा गेला तेवढाच परत आला. सैल जॉइंट पकडायला घरात दुसरं कुणी बसलेलं नाही.

इस्त्री लावली असताना दुसऱ्या सर्किटवरच्या सॉकेटलाही मोजा. तिथेही तेवढेच व्होल्ट पडले तर फॉल्ट सामायिक वाटेत आहे: मेन स्विच, मीटरकडून येणारी केबल, किंवा त्याही मागे. फक्त एकाच सर्किटला पडले तर त्या सर्किटचा. फेजच्या वाटेत की न्यूट्रलच्या, हे एक्स्टेन्शनच्या युक्तीनं कळतं. डीबीजवळच्या, दुसऱ्या सर्किटवरच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन आणा आणि इस्त्री चालू असताना त्याचा न्यूट्रल आणि इस्त्रीच्या सॉकेटचा न्यूट्रल यांच्यामध्ये मोजा. मग दोन्हीकडचे फेज-फेज मोजा, पण फक्त सिंगल फेज घर असेल तरच. थ्री फेज असेल आणि दोन सॉकेट वेगळ्या फेजवर असतील तर मीटरवर ४०० च्या वर व्होल्ट येतील. एकोणीसपैकी सतरा न्यूट्रलच्या बाजूला दिसले की अर्धं घर उघडायचं वाचलं.

आता आरसीसीबी. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपियरची असते, पण ती १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते. हिशेब करून ठेवा: २३० व्होल्टला ३० मिलिअँपियर म्हणजे सुमारे ७.७ किलोओहम आणि १५ मिलिअँपियर म्हणजे साधारण १५ किलोओहम. फेज आणि अर्थिंगमध्ये दहा-पंधरा किलोओहमची ओलसर वाट तयार झाली की पुरे. आणि अशी वाट एकच लागते असंही नाही. चार ठिकाणी थोडं थोडं गळत असेल तर त्यांची बेरीज होते.

सुरुवात उपकरणांपासून. सगळ्या पिना काढा. नुसती बटणं बंद करून चालत नाही, कारण बटण फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गिझरचं एलिमेंट न्यूट्रलच्या टोकाला फुटलं असेल तर बटण बंद असतानाही तो न्यूट्रल आणि अर्थिंग यांना जोडून ठेवतो. सगळं काढल्यावर आरसीसीबी टिकली, तर एकेक लावत जा. संशयिताची पिन मोकळी असताना मीटर सगळ्यात वरच्या ओहम रेंजवर ठेवून जाड अर्थिंगची पिन आणि बाकी दोन पिनांपैकी प्रत्येक, असं मोजा, उपकरणाचं बटण चालू ठेवून. काहीच न दाखवणं, म्हणजे डिस्प्लेवर ओएल किंवा डावीकडे नुसता १, हे चांगलं. एक मेगओहमच्या खाली आलं की संशय, काही किलोओहम आलं की चोर सापडला. गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, मिक्सर, या क्रमानं बघा. गिझरच्या एलिमेंटमधली पांढरी पूड चिरेतून ओल शोषते आणि थंड असताना बरी दिसून तापल्यावर गळते, त्यामुळे गिझर मीटरवर पास झाला तरी त्याला एक दिवस बाजूला ठेवून बघाच.

सगळ्या पिना काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत या. ज्या एमसीबीवर पडली, त्या सर्किटचा फेज गळतोय.

इथपर्यंत सगळे वायरमन करतात. अडतात ते पुढे: सगळ्या एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडते, किंवा आज या एमसीबीवर पडते तर उद्या त्या. मग ‘आरसीसीबीच खराब आहे’ म्हणून ती काढून थेट जोडून देतात, जे कधीही करू देऊ नका. बऱ्याच घरांत एमसीबी एकपदरी असते, ती फक्त फेज तोडते. न्यूट्रल तर सगळे एकाच पितळी पट्टीवर बांधलेले असतात आणि ते कुठलीच एमसीबी तोडत नाही. एखाद्या सर्किटचा न्यूट्रल अर्थिंगला लागला असेल तर घरातल्या कुठल्याही सर्किटचा परतीचा करंट थोडा त्या वाटेनं निसटतो. मोठा लोड लागला की जास्त निसटतो. म्हणून दोष मागच्या अंगणातल्या दिव्याच्या न्यूट्रलमध्ये आणि पडतं मात्र स्वयंपाकघरात इस्त्री लावली की. मग बिचारी इस्त्री दुरुस्तीला जाते.

यावर उपाय एकच. सप्लाय पूर्ण बंद करून वायरमनकडून न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक सर्किटचा न्यूट्रल सोडवून घ्या, प्रत्येकावर टेपची चिठ्ठी लावून. मग प्रत्येक सुटा न्यूट्रल आणि अर्थिंगची पट्टी यांच्यामध्ये ओहम मोजा. त्याच वेळी एमसीबी खाली ठेवून फेज आणि अर्थिंगमध्येही मोजा. फेजकडून मोजताना खोलीतली बटणं चालू असू द्या, नाहीतर बटणापासून दिव्यापर्यंतची वायर मोजलीच जात नाही. इन्व्हर्टरचं वायरिंग नंतर केलेलं असेल तर त्याचा न्यूट्रल कुणी भलत्याच सर्किटला जोडलाय का तेही इथेच दिसतं. घरात दोन आरसीसीबी असतील आणि फेज एकीचा, न्यूट्रल दुसरीचा झाला असेल, तर काहीही गळत नसताना दोन्ही पडतात.

ही मोजणी पावसात करा. उन्हाचं बोलावलं तर मीटर सगळीकडे ओएल दाखवेल आणि वायरमन ‘सगळं ठीक आहे’ म्हणून जाईल. आरसीसीबी पडल्या पडल्या, भिंती ओल्या असताना मोजलेला आकडाच उपयोगाचा. ओल ओळखायची एक खूण: आकडा स्थिर राहत नाही, हळूहळू चढत किंवा उतरत जातो. प्रोब उलटे धरले की वेगळाच आकडा येतो, कारण ओल्या तांब्या-लोखंडात बारीकशी बॅटरी तयार होते. खिळा घुसून धातूला धातू लागला असेल तर असं होत नाही, दोन्हीकडून सारखाच आकडा येतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका घरावरून सांगतो. पाऊस सुरू झाला की आरसीसीबी पडायची, आणि दोन वेळा नवी बसवून झाली होती. न्यूट्रल सोडवून मोजल्यावर बाहेरच्या दिव्यांच्या सर्किटला फेज-अर्थिंगमध्ये ११ किलोओहम आले, प्रोब उलटे केले तर १४. म्हणजे वीस मिलिअँपियरच्या आसपास गळती. एखादी आरसीसीबी सोसेल, एखादी सोसणार नाही. त्या सर्किटवर पाच दिवे होते, म्हणून मधल्या दिव्याच्या जंक्शन बॉक्समध्ये लूप तोडला. डीबीकडची बाजू ओएल, पुढची बाजू तशीच. पुढच्या बाजूला दोनच दिवे, त्यातला शेवटचा गेटच्या खांबावरचा. काचेचा गोळा काढला तर तळाशी दोन बोटं पाणी, त्यात मेलेल्या मुंग्या, होल्डरची पितळी टोकं हिरवी पडलेली, आणि अर्थिंगची वायर खांबाच्या लोखंडी पत्र्याला बांधलेली. मालक म्हणत होते, गेटचा दिवा तर आम्ही लावतच नाही. पण त्याचं बटण न्यूट्रलमध्ये बसवलेलं होतं. बटण बंद, तरी होल्डरमध्ये फेज-अर्थिंग २३१ व्होल्ट. दिवा बंद असताना बारा महिने त्या पाण्यात फेज उभा होता. होल्डर बदलला, बटण फेजमध्ये घेतलं, गोळ्याला खाली पाणी जायला भोक ठेवलं. बाकी वायरिंगला हात लावला नाही.

तुमच्या दोन्ही तक्रारी एकच फॉल्ट असण्याची शक्यता मला बरीच वाटते. मागच्या खोलीचा न्यूट्रल ज्या बॉक्समध्ये तुटलाय, तिथेच पावसाचं पाणी उतरत असेल तर काय होईल बघा. तुटलेल्या न्यूट्रलचं खोलीकडचं टोक पंख्यातून आलेल्या २३० व्होल्टवर उभं आहे, आणि शेजारी ओली भिंत किंवा अर्थिंगची वायर आहे. गळती तिथूनच. हे तपासायला मीटरही लागत नाही: पुढच्या पावसात मागच्या खोलीतली सगळी बटणं बंद ठेवा, पिना काढून ठेवा. आरसीसीबी पडायची थांबली तर दोन नाही, एकच बॉक्स उघडायचाय. स्लॅबवरून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारा पाइप शोधा; पाणी पाइपातून वाहत येऊन सगळ्यात खालच्या बॉक्समध्ये साठतं.

अर्थिंगबद्दल थोडकंच, पण महत्त्वाचं. फेज-अर्थिंग २३० दाखवलं म्हणजे अर्थिंग चांगलं, असं अनेक वायरमनही धरून चालतात. मीटरला करंट लागत नाही हे वर सांगितलंच. अर्थिंगच्या वाटेत हजारो ओहम असले तरी मीटर २३० दाखवेल. मीटर फक्त एवढं खात्रीनं सांगतो की अर्थिंग अजिबात नाही: फेज-अर्थिंग ११०-१२० आणि न्यूट्रल-अर्थिंगही तेवढंच आलं तर अर्थिंगची वायर मधूनच तुटलेली आहे, आणि कॉम्प्युटर-टीव्हीच्या फिल्टरमधून मधलं व्होल्टेज तिच्यावर आलंय. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या यामुळेच. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून अर्थिंग तपासायची जुनी पद्धत आहे, ती घरात करू नका. अर्थिंग कमजोर असेल तर तेवढा वेळ फ्रिजपासून नळापर्यंत जोडलेल्या सगळ्या धातूवर व्होल्टेज येतं. अर्थिंगचा खड्डा अर्थ टेस्टरनंच मोजून घ्या.

आणि एक लक्षण असं की त्यात मोजत बसायचं नाही. घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले, किंवा सॉकेटवर २७०-३०० व्होल्ट दिसले, तर मेन न्यूट्रल गेलाय, घराचा किंवा खांबावरचा. थ्री फेज घरात अशा वेळी वेगवेगळ्या फेजवरचे लोड एकमेकांशी सिरीजमध्ये येतात. एका फेजवर हजार वॅटचा गिझर आणि दुसऱ्यावर शंभर वॅटचे दिवे असतील, तर दोन फेजमधल्या ४०० व्होल्टपैकी ३६० च्या वर त्या दिव्यांच्या वाट्याला येतात आणि गिझरला ४० सुद्धा मिळत नाहीत. मेन खाली करा, पिना काढा, वीज कंपनीला फोन करा.

शेवटी वायरमनच्या म्हणण्याबद्दल. त्याला खोटं पाडायचं नाही, पण आकडे मागायचे. मल्टिमीटरचा ओहमचा करंट दोन-तीन व्होल्टांवर चालतो. २३० व्होल्टला दगा देणारं इन्सुलेशन त्याला चांगलं दिसू शकतं. म्हणून मीटरनं काही सापडलं नाही तर त्याला मेगर, म्हणजे मोठं व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर, आणायला सांगा, ५०० व्होल्टचा. आधी एलईडी दिवे, टीव्ही, इन्व्हर्टर, आरसीसीबी हे सगळं सोडवून घ्यायला लावा, नाहीतर ते जळेल. मग प्रत्येक सर्किटचे फेज-अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थिंग हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या. एक मेगओहमच्या वर असेल ते सर्किट ठेवायचं. खाली असेल ते अर्ध्यात तोडून पुन्हा मोजायचं. आठ बोर्डांचं सर्किट असलं तरी तीन वेळा तोडलं की एका तुकड्यावर येता. तेवढ्याच तुकड्याची वायर बदलायची, जुन्या वायरला नवी बांधून पाइपातून ओढली की झालं. पाइपात सिमेंट गेलंय म्हणून ओढता येत नसेल तर तेवढ्यापुरती भिंतीवरून पट्टी मारून घ्या. अख्खं वायरिंग बदलायचा खर्च मी दोनच परिस्थितींत करायला सांगेन: निम्म्याहून जास्त सर्किटं मेगरवर नापास झाली, किंवा बोर्ड उघडल्यावर आत अॅल्युमिनियमची वायर निघाली.